जुन्या वास्तूचे माप

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्यांनी रूढ केली त्यांना नवे घर उभारणे हेच मोठे दिव्य वाटत असावे. बांधलेल्या घराला पुन्हा हात लावण्याचा प्रसंग त्यांच्या डोळ्यांसमोर आलेला दिसत नाही. नवी इमारत कागदावरील आकड्यांप्रमाणे उभी राहते. तेथे आकडा आधी आणि भिंत नंतर. जुन्या इमारतीत हा क्रम उलटतो. भिंत उभीच असते, आकडा मात्र तिच्याकडून मिळवावा लागतो. ती तो सहजासहजी देत नाही, आणि दिला तरी पूर्ण खरा असतोच असे नाही.

अशा अर्धवट खऱ्या आकड्यांवर विसंबून आज देशभर कोट्यवधी रुपयांची कामे आखली जातात. जुन्या स्लॅबवर मजला चढवला जातो, सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी येते, कारखान्याच्या छपरावर सौर पॅनेल बसतात. त्यांतील पुष्कळ कामांना बँका अर्थसाहाय्य देतात. मापाविषयीची शंका कशी हाताळावी हा प्रश्न म्हणूनच केवळ अभियंत्यांचा राहत नाही.

चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० किलोमीटरवर बंगळूरू महामार्गालगत श्रीपेरुंबुदूर आहे. रामानुजाचार्यांचे हे जन्मस्थान. परंपरेनुसार त्यांचा जन्म १०१७ सालचा, आणि आदिकेशव पेरुमाळ मंदिरात आजही त्यांचा उत्सव थाटाने होतो. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधी यांची हत्या येथेच झाली, त्यामुळे गावाचे नाव साऱ्या देशाच्या स्मरणात राहिले. पुढे या पट्ट्यात मोटारी, काच, भ्रमणध्वनी संच यांचे कारखाने आले. ह्युंदाईच्या कारखान्यातून १९९८ मध्ये मोटारी बाहेर पडू लागल्या. नोकियाचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला आणि २०१४ मध्ये बंद पडला. तोच परिसर दुसरी कंपनी घेणार असल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. मोठ्यांच्या आसपास लहान पुरवठादारांच्या शेड उभ्या राहिल्या, आणि त्यांतही मालक बदलले, यंत्रे बदलली, उत्पादने बदलली. इमारती मात्र त्याच राहिल्या. मंदिरांच्या गावात जुनी वास्तू म्हणजे शतकांची वास्तू. औद्योगिक वसाहतीत वीस वर्षांची शेडही जुनी ठरते.

अशी एक शेड कल्पनेत घेऊ या. लांबी ६० मीटर, रुंदी २४ मीटर. नव्या मालकाला वीजबिल कमी करण्यासाठी छपरावर सौर पॅनेल बसवायचे आहेत. जुन्या मालकाकडून नकाशांची एक गुंडाळी मिळाली आहे. त्यावर ‘बांधकामासाठी मंजूर’ असा शिक्का आहे. शिक्क्याने एवढेच कळते, की असे बांधायचे ठरले होते. तसेच बांधले गेले की नाही, आणि गेल्या वीस वर्षांत त्यात काय कापले, काय जोडले, हे त्या गुंडाळीला ठाऊक नाही. अभियंत्याला प्रथम माप घ्यावे लागते.

माप म्हणजे काय याचा मोठा धडा याच परिसरात दोन शतकांपूर्वी गिरवला गेला होता. चेन्नईच्या विमानतळाजवळ परंगीमलै नावाची टेकडी आहे. इंग्रजीत तिला सेंट थॉमस माउंट म्हणतात. तिच्या पायथ्याशी १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन यांनी सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजण्यास आरंभ केला. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा पाया. मोजणीची साखळी पोलादी, १०० फुटांची. उन्हाने पोलाद वाढते म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून सोबत तापमापके लावली होती, आणि दुसरी तशीच साखळी केवळ पडताळणीसाठी राखून ठेवली होती. तेथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत लॅम्बटन बंगळूरूपर्यंत गेले. तेथील रेषेची लांबी त्यांनी आधी गणिताने काढली आणि नंतर १८०४ मध्ये जमिनीवर प्रत्यक्ष मोजली. दोन्हींत फरक निघाला चार इंचांहूनही कमी. हा फरक त्यांनी दडवला नाही. साऱ्या खटाटोपावर विश्वास ठेवण्याचा आधार नेमका तोच होता. लॅम्बटन यांचे जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांची समाधीही तेथेच आहे. विदर्भातील किती जणांना याची कल्पना असेल, कोण जाणे.

लॅम्बटन यांचा त्रिकोण आपल्या गवंड्यालाही परका नाही. तीन, चार आणि पाच हातांची दोरी ताणून तो काटकोन साधतो. खोली ‘गुण्यात’ आहे का हे पाहायचे तर चारही भिंती मोजून भागत नाही. दोन्ही कर्ण मोजावे लागतात. चार बाजू तशाच राहूनही खोली तिरकी असू शकते. कर्ण मोजला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि लबाडीला जागा उरत नाही. जुन्या वाड्यांत दोन्ही कर्ण सारखे भरले तर तो सुखद अपघात समजावा.

आणखी एक खबरदारी नवशिके विसरतात. एका ओळीतील सहा खोल्या स्वतंत्र मोजून बेरीज केली, तर प्रत्येक मापातील लहान चूक बेरजेत उतरते. टेपचे शून्य एकाच टोकाला ठेवून प्रत्येक भिंतीपर्यंतचे अंतर सलग वाचले, तर चुका साचत नाहीत. नंतर बाहेरून एकूण लांबी मोजून मेळ घालायचा. मेळ बसला नाही, समजा ४० मिलिमीटरचा फरक राहिला, तर काय करायचे? कचेरीत बसून तो सहा खोल्यांत गुपचूप वाटून टाकण्याचा मोह होतो, कारण त्याने नकाशा नेटका दिसतो. बँकेत रोखपुस्तकाचा मेळ अशा रीतीने घालणाऱ्यावर काय प्रसंग ओढवेल, हे येथे सांगण्याची गरज नाही. न जुळलेला आकडा नकाशावर तसाच लिहावा, शेजारी ‘जागेवर तपासावे’ असा शेरा द्यावा, हा सरळ मार्ग होय.

अलीकडे लेसरचे मापक आले. दहा मीटरचे अंतर ते एक-दोन मिलिमीटरच्या अचूकतेने सांगते. पण ते अंतर गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंतचे. गिलावा कोठे १२ मिलिमीटर, कोठे २५. भिंत मध्ये फुगलेली, वर कललेली. खालून, मधून आणि वरून घेतलेली तीन मापे तीन निघतात आणि तिन्ही खरी असतात. उपकरणाच्या अचूकतेचा येथे फारसा उपयोग नसतो, कारण शंका उपकरणात नसून भिंतीतच आहे.

कारागिरांनी या शंकेशी जुळवून घेण्याच्या युक्त्या केव्हाच शोधल्या आहेत. स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइट जागेवर आणूनच शेवटचा कापला जातो. सुतार भिंतीत बसणारे कपाट भिंतीपेक्षा बोटभर कमी करतो आणि उरलेल्या फटीवर पट्टी मारतो. ती पट्टी भिंतीच्या वाकडेपणाप्रमाणे रंधून बसवली, की पाहणाऱ्याला भिंत सरळच वाटते. लोखंडी तुळई जुन्या भिंतीत बसवताना अभियंताही तेच करतो. बोल्टचे छिद्र गोल न ठेवता लांबट ठेवतो आणि बैठकीखाली पातळ पट्ट्या सरकवण्यास वाव ठेवतो. माप चुकणार हे गृहीत धरून रचना करणे हा कमीपणा नव्हे. त्यात कौशल्य लागते. याउलट कारखान्यातून मिलिमीटरपर्यंत नेमके कापून आलेले तयार स्वयंपाकघर जुन्या सदनिकेत बसवताना होणारी तारांबळ अनेक ग्राहकांनी अनुभवली असेल. मापातील फरकाला कायदाही जागा देतो. महाराष्ट्रातील रेराच्या नमुना करारात सदनिकेच्या चटईक्षेत्रात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक धरलेला आहे. त्याहून कमी क्षेत्र भरल्यास ग्राहकाला परतावा मिळतो.

लांबी-रुंदीची चूक बहुधा पट्टीखाली झाकता येते. जाडीची चूक मात्र झाकून चालत नाही. स्लॅब १२५ मिलिमीटरचा समजला आणि निघाला १०० चा, तर तीच सळई असूनही त्याची भार पेलण्याची शक्ती सुमारे पाव भागाने घटते, आणि ताठपणा तर जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण तो जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. टेपवरचा फरक मात्र अवघा एक इंच. अशा स्लॅबवर हजार लिटरची टाकी ठेवणे म्हणजे एक टन भार एका जागी ठेवणे होय.

सळईची गोष्ट याहून गूढ. ती दिसतच नाही. कव्हरमीटर नावाचे उपकरण काँक्रीटवरून फिरवून तिची जागा आणि खोली कळते. व्यास मात्र अंदाजानेच कळतो. देशात मेट्रिक पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या इमारतींत सळया सुतांच्या मापाच्या आहेत. तीन सुताची सळई म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. अहवाल लिहिणाऱ्याने ती सवयीने दहाची धरली, तर लोखंडाचे क्षेत्रफळ सुमारे दहा टक्क्यांनी जास्त मोजले जाते. दोन-चार ठिकाणी काँक्रीट फोडून व्हर्निअरने सळई मोजल्याखेरीज हा घोळ सुटत नाही, आणि राहत्या घरात फोडायला परवानगी देणारा सभासद विरळाच!

काँक्रीटची ताकद पाहण्यासाठी रिबाउंड हॅमर वापरतात. स्प्रिंगवरचा दांडा पृष्ठभागावर आपटून किती उसळतो यावरून ताकदीचा अंदाज केला जातो. या चाचणीने काढलेल्या ताकदीत २५ टक्के वर-खाली फरक असू शकतो, असे आय.एस. १३३११ च्या दुसऱ्या भागाने १९९२ मध्येच सांगून ठेवले होते. शिवाय जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतील कर्बवायूने कठीण होतो, म्हणून म्हातारी इमारत या चाचणीत आहे त्यापेक्षा तरुण दिसते. काँक्रीटचा गाभा, म्हणजे कोअर, कापून काढून प्रयोगशाळेत दाबून पाहणे अधिक विश्वासार्ह. पण ते खर्चिक आहे आणि थोडक्याच ठिकाणी करता येते. त्यामुळे अनेक जागी हॅमर, काही जागी कोअर, आणि कोअरच्या निकालावरून हॅमरचे आकडे सुधारून घेणे, ही पद्धत रूढ झाली. मुख्य आणि राखीव अशा लॅम्बटन यांच्या दोन साखळ्यांमागेही हेच तर्कशास्त्र होते.

कधी माप अगदी बरोबर असते आणि तरीही फसवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडी घरे कोसळून हजारो माणसे दगावली. त्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या होत्या. कोणीही टेप लावला असता तर तेवढेच माप आले असते. पण ती एक भिंत नव्हती. आतली आणि बाहेरची अशा दगडांच्या दोन परती होत्या आणि मधल्या जागेत लहान दगड व माती. दोन्ही परतींना आरपार बांधणारे दगड नसल्याने हादरा बसताच त्या एकमेकींपासून सुटल्या, फुगल्या आणि माळवदाच्या मातीचे ओझे खाली आले. नंतरच्या दुरुस्तीत वाचलेल्या घरांच्या भिंतींना ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत वाकवलेली सळई व काँक्रीट भरण्याची पद्धत वापरली गेली. हे भोक पाडताना भिंतीच्या पोटात काय आहे हे प्रथमच दिसे. उपाय करता करता तपासणी होई, आणि काय सापडेल हे आधी ठाऊक नसतानाही उपाय लागू पडे.

खात्री नसताना खात्रीचा शेरा दिला गेला, तर काय होते हे मुंबईने १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी पाहिले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या हिमालय पादचारी पुलाचा भाग गर्दीच्या वेळी कोसळून माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधीच्या संरचनात्मक लेखापरीक्षणात या पुलाला किरकोळ दुरुस्ती पुरेशी ठरवण्यात आली होती. अहवालात ‘येथपर्यंत पोहोचता आले नाही’ असे एक वाक्य असले, तर वाचणारा थबकतो. ‘समाधानकारक’ या एका शब्दाने तो निश्चिंत होऊन पुढे जातो.

चेन्नईच्या बाजूचे उदाहरण निराळे आहे. श्रीपेरुंबुदूरहून शहराकडे येताना पोरूरजवळ मौलिवाक्कम लागते. तेथे २८ जून २०१४ रोजी बांधकाम सुरू असलेली अकरा मजली इमारत पावसात कोसळली. ६१ जण मरण पावले, त्यांत बहुसंख्य मजूर होते. शेजारी तिची जुळी इमारत उभीच होती. तिचे काय करावे हा प्रश्न दोन वर्षांहून अधिक काळ चालला, न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर २ नोव्हेंबर २०१६ रोजी ती स्फोटकांनी पाडण्यात आली. जुळ्या बहिणीचे काय झाले हे पाहिल्यावर केवळ ‘ती उभी आहे’ एवढ्या आधारावर कोणी तिच्याविषयी ग्वाही देऊ शकत नव्हते. शंका कमी करणे शक्य किंवा परवडणारे नसते तेव्हा काम न करणे हाही एक निर्णय असतो.

शंकेचा हिशेब मानकांतही दिसतो. जुन्या काँक्रीट इमारतींची भूकंपक्षमता तपासण्यासाठी २०१३ मध्ये निघालेल्या आय.एस. १५९८८ या मानकात ‘ज्ञान-गुणक’ अशी संकल्पना आहे. मूळ नकाशे, नंतरच्या बदलांच्या नोंदी आणि चाचण्या हाताशी असतील तर गुणक १. माहिती जितकी कमी तितका तो उतरतो, आणि इमारतीची हिशेबातली ताकद त्या प्रमाणात कमी धरली जाते. कर्जविभागात काम केलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. नजरगहाण मालाचे मूल्य विवरणपत्रात कितीही लिहिलेले असो, उचल देताना मार्जिन वजा केले जाते. कागदपत्रे आणि पाहणी जितकी भक्कम तितका विश्वास अधिक. अज्ञानाची किंमत दोन्हीकडे आकड्यात मांडली जाते. फरक इतकाच, की अभियंत्याच्या बाबतीत चाचणीचा खर्च करून गुणक वाढवता येतो आणि पुष्कळदा तो खर्च वाचलेल्या लोखंडातून भरून निघतो.

आता त्या कल्पनेतल्या शेडकडे वळू. तिची लांबी ६० मीटर की ५९.९६, याने पॅनेलना काही फरक पडत नाही. एखादी रांग थोडी सरकेल इतकेच. पॅनेलचे वजनही फार नाही, चौरस मीटरला १५ ते २० किलो. खरी काळजी वाऱ्याची. मानकानुसार चेन्नईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ५० मीटर धरतात. त्याचा दाब चौरस मीटरला १५० किलोच्या घरात जातो, आणि छपरावर तो खाली दाबण्याऐवजी वर उचलतो. डिसेंबर २०१६ मधील वरदा चक्रीवादळाने चेन्नईकरांना याची प्रचीती दिली आहे. हा सारा झोक पत्र्यांखालच्या आडव्या पर्लिनवर येतो, आणि पर्लिनचा पत्रा असतो जेमतेम २ मिलिमीटर जाडीचा. दोन्ही बाजूंनी गंजून ०.२ मिलिमीटर गेले की पाचवा हिस्सा संपला. म्हणजे लांबीतली ४० मिलिमीटरची शंका बिनमहत्त्वाची, आणि पर्लिनमधील ०.४ मिलिमीटरची शंका निर्णायक. कोणत्या आकड्यावर निर्णय उलटेल हे आधी गणित करून पाहणे, आणि मापाचा वेळ व पैसा तेथेच ओतणे, यात अभियंत्याची खरी पारख होते. शेडची लांबी तीनदा मोजून पर्लिनकडे दुरून पाहणारा माणूस मेहनती असेल, उपयोगी नव्हे.

समजा, त्या अभियंत्याने शिडी लावून चाळीस ठिकाणी रंग खरवडून जाडी मोजली. बहुतेक आकडे १.९ ते २ च्या दरम्यान आले. पन्हळीजवळच्या रांगेत मात्र १.५ आणि १.६ सापडले. चाळीस आकड्यांची सरासरी काढली तर ती छान दिसेल, आणि नेमकी पन्हळीजवळची रांग तिच्याखाली लपेल. सरासरी न काढता छपराचे दोन भाग पाडणे हे शहाणपणाचे. मधल्या भागात पॅनेल. कडेच्या भागात पर्लिन दुहेरी करायचे किंवा तो भाग मोकळा सोडायचा. प्रकल्प थोडा लहान होतो, एवढेच.

गृहनिर्माण संस्थांनाही हे लागू पडते. महाराष्ट्रातील नमुना उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक लेखापरीक्षण करावयाचे असते. अहवाल हाती आल्यावर सभासद बहुधा शेवटचे पान उघडतात. त्याआधीची पाने पाहावीत: चाचण्या किती आणि कोठे झाल्या, कोणते कॉलम आच्छादनामुळे पाहता आले नाहीत, कोणते आकडे मोजलेले आणि कोणते गृहीत धरलेले आहेत. हा भेद ज्यात दिसत नाही तो अहवाल परत पाठवण्यास हरकत नसावी.

खर्चाच्या अंदाजपत्रकातही अशी एक ओळ असते, ‘अनपेक्षित कामांसाठी तरतूद’. ती पाहून कर्जदार कुरकुरतात आणि बँकेतही कोणी तिला फुगवटा समजून लाल रेघ मारतो. नव्या बांधकामात ती शंका रास्त असेल. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत मात्र साऱ्या पत्रकातील तीच सर्वांत प्रामाणिक ओळ असते. गिलावा निघेपर्यंत आत किती सळई खाल्ली गेली आहे हे कोणालाच ठाऊक नसते. काम दोन टप्प्यांत केले तर उत्तम: आधी थोड्या खर्चात निवडक जागा उघडून पाहाव्यात, मग अंदाजपत्रक करून कर्ज मागावे. पहिल्याच अर्जात रुपयापर्यंत नेमका आकडा देणाऱ्या संस्थेला सहा महिन्यांनी वाढीव कर्जासाठी पुन्हा यावे लागते, आणि तोवर परांची इमारतीला टांगलेलीच राहते.

काम संपल्यावर प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे करून घ्यावेत. त्यांत मोजलेली मापे एका खुणेने आणि गृहीत धरलेली दुसऱ्या खुणेने दाखवून, सोबत उघडलेल्या जागांची छायाचित्रे जोडून, ती फाइल संस्थेच्या मूळ दस्तऐवजांबरोबर ठेवावी. वीस वर्षांनी नवा सचिव, नवा अभियंता आणि कदाचित नवा कर्जअधिकारी तीच गुंडाळी उलगडून बसलेला असेल.